६ फुटी डिस्कस टँक आणि हिवाळ्यातलं लाईटबिल, कमी कसं करायचं?

गोदाकाठची (नाशिक), ४ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच अडकलेय.

माझ्याकडे ६ बाय २ बाय २ चा टँक आहे, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), वर १४ डिस्कस मासे. चार वर्षांपूर्वी पाच रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं आणली होती, आता तळहाताएवढी झालीत आणि मी खोलीत आले की सगळी समोरच्या काचेला येऊन उभी राहतात. पाणी २९ अंशावर ठेवते, ३०० वॅटचे दोन हीटर संपमध्ये. ऑक्टोबरचं बिल २९० युनिटचं होतं, आत्ता आलं ते ६२० युनिटचं!! घरात बाकी काहीच नवीन नाही, आंघोळीला छतावर सोलर आहे म्हणजे गिझरचाही प्रश्न नाही. म्हणजे वाढलेलं सगळं टँकचंच. तिकडे निफाडला पारा ५-६ वर उतरतो तेव्हा आमच्या हॉलमध्ये पहाटे १५ असतं, हीटरचा लाल दिवा रात्रभर विझतच नाही.

घरातून स्पष्ट सांगितलंय की मार्चपर्यंत बिल खाली आलं नाही तर मासे कुणालातरी देऊन टाक. मला ते द्यायचे नाहीत. काय काय करता येईल ते सांगा प्लीज, खर्च एकदाच करावा लागला तरी चालेल.

नवा_टँकवाला (औरंगाबाद), ४ जानेवारी, रात्री ११:१५

ताई ३०० चे दोन कशाला, १०० वॅटचे दोन लावा, वॅट कमी तर बिल कमी. आणि रात्री झोपताना बंदच करत जा, मासे पण झोपतातच की.

फिजिक्सवाले_सर (नगर), ५ जानेवारी, सकाळी ७:०५

थांबा थांबा, वरच्या दोन्ही गोष्टी करू नका.

हीटर किती वॅटचा आहे यावर बिल ठरत नाही, टँकमधून उष्णता किती बाहेर जाते त्यावर ठरतं. जेवढी बाहेर जाते तेवढीच हीटरला भरून काढावी लागते. ३०० चा हीटर थोडा वेळ चालू राहील, १०० चा सतत चालू राहील, युनिट तेवढेच. आणि १०० चे दोन तुमच्या उघड्या टँकला पुरणारच नाहीत, पाणी हळूहळू गारच होत जाईल.

रात्री बंद केलात तर साधारण ५८० लिटर पाणी असं धरलं तरी पहाटेपर्यंत चार-पाच अंश उतरेल. मग सकाळी तेच चार-पाच अंश परत चढवायला पुन्हा वीज. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, ५८० लिटर १ अंशाने तापवायला पाऊण युनिटच्या थोडं कमी लागतं. म्हणजे वाचणार अगदी थोडं आणि माशांचे हाल मात्र रोजचे.

मला फक्त एक सांगा, टँकवर झाकण आहे का? आणि बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी किती भरता?

गोदाकाठची, ५ जानेवारी, सकाळी ९:४०

झाकण नाही सर, वर फक्त एलईडी लाईट लटकवलाय, दिसायला छान दिसतं म्हणून उघडाच ठेवलाय. पाणी म्हणाल तर दोन दिवसाला एक १५ लिटरची बादली भरावी लागते. हिवाळ्यात उलट जास्तच लागतं, मला वाटायचं उन्हाळ्यात जास्त लागेल.

फिजिक्सवाले_सर, ५ जानेवारी, सकाळी १०:२०

हेच हवं होतं. तुमची निम्मी वीज त्या बादलीतून जातेय.

१ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट एवढी उष्णता लागते, आणि ती टँकच्या पाण्यातूनच घेतली जाते. घाम वाळताना अंग गार पडतं तेच इथे चालू आहे. तुमचं रोजचं साडेसात लिटर जातंय म्हणजे रोजचे ५ युनिट, महिन्याचे १५० युनिट फक्त वाफेचे! हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी आणि पाणी मात्र २९ अंशाचं, म्हणून वाफ जास्त. वाफ सोडून उघड्या पाण्यावरून नुसत्या गार हवेमुळे जातं ते वेगळंच.

उरलेली उष्णता काचेतून जाते. काच थंड वाटते ना हाताला? १२ एमएमची असली तरी काच उष्णता फारशी अडवत नाही, जे अडतं ते बाहेरच्या हवेच्या पातळ थरामुळे.

म्हणजे क्रम असा की आधी झाकण, मग मागच्या आणि बाजूच्या काचेला थर्माकोल, मग बाकीचं. हीटरला हात सगळ्यात शेवटी.

जुना_मत्स्यपाळ (पुणे), ५ जानेवारी, दुपारी १:३०

सर बरोबर बोललेत. मी १९९८ पासून मासे पाळतोय, तेव्हा कुर्ल्याच्या मार्केटमधून पिशव्या घेऊन रात्रीच्या गाडीने पुण्याला यायचो, त्यामुळे थोडा अनुभवातून सांगतो.

झाकण काचेचंच करा, ५ एमएम, तीन तुकड्यात, म्हणजे खायला घालायला एकच तुकडा उचलायचा. अॅक्रेलिक आणू नका, खालून ओलावा वरून कोरडं असं झालं की पंधरा दिवसात वाटीसारखं वाकतं. पोकळ पॉलीकार्बोनेट शीट मिळते शेडवाल्यांकडे ती उष्णता जास्त अडवते आणि हलकी पण असते, पण तिच्यातून मासे बघायला मजा नाही आणि लाईट थोडा कमी पोचतो. काच किंचित तिरकी बसवा, मागची कड थोडी खाली, म्हणजे वाफेचे थेंब ओघळून आतच पडतील, लाईटवर जाणार नाहीत. पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात, दर आठवड्याला व्हिनेगरच्या फडक्याने पुसा नाहीतर लाईट निम्मा होतो.

दुसरं म्हणजे संप विसरू नका! सगळे वरचा टँक झाकतात आणि खाली कॅबिनेटमध्ये संप उघडा. तिथे पाणी धबधब्यासारखं पडतं, वाफ तिथूनही भरपूर जाते आणि कॅबिनेटचं प्लायवूड फुगतं ते वेगळंच.

नवा_टँकवाला, ५ जानेवारी, दुपारी २:१०

पण काका सगळं झाकलं तर ऑक्सिजन कुठून मिळणार? गुदमरतील की.

जुना_मत्स्यपाळ, ५ जानेवारी, दुपारी ३:००

चांगला प्रश्न आहे. हवाबंद नाही करायचं, पाईप आणि वायर जातात तिथले कोपरे कापलेलेच असतात तेवढी फट पुरते. ऑक्सिजन विरघळतो तो पाण्याचा वरचा थर हलत राहिल्यामुळे, आणि संपमधून पंपाने परत वर येणारं पाणी तो हलवतच असतं. शिवाय एअर पंप असेल तर तो खोलीतली ताजी हवा आत ढकलत असतो. माझ्या झाकलेल्या टँकात इतक्या वर्षांत एकही मासा वर येऊन धापा टाकताना दिसला नाही.

पिंपरीचा_ऑस्कर, ५ जानेवारी, रात्री ९:१५

मी म्हणतो तापमानच कमी करा ना, २५ ठेवा. माझे ऑस्कर मासे २४-२५ ला मस्त आहेत.

जुना_मत्स्यपाळ, ५ जानेवारी, रात्री ९:४०

ऑस्करला चालतं दादा, डिस्कसला नाही. ॲमेझॉनच्या उथळ कोमट पाण्यातला मासा आहे तो, २८ ते ३० मध्ये राहणारा. २६ च्या खाली दिवस काढले की आधी रंग काळवंडतो, मग कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, खाणं सोडतो आणि मागोमाग पांढरे ठिपके. मी एकदा २००६ च्या हिवाळ्यात ही काटकसर केली आणि पाच मोठे डिस्कस गमावले, अजून वाईट वाटतं. ताई २९ चं २८ करा, बस. तेही दोन दिवसात हळूहळू.

फिजिक्सवाले_सर, ५ जानेवारी, रात्री १०:०५

त्या एका अंशाचाही फायदा होतो. खोली सरासरी १९ आणि पाणी २९ म्हणजे फरक १० चा, त्यातला १ कमी केला की गळती ढोबळ मानाने दहावा हिस्सा कमी.

गोदाकाठची, ६ जानेवारी, सकाळी ८:३०

किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. मी आज प्लगमध्ये लावायचं वॅट मीटर मागवलंय, आठवडाभर आहे तसंच ठेवून आधी मोजते मग एकेक बदल करते, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल.

एक शंका, शेजारचे म्हणाले की ३०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, खरंय का?

वायरमन_सांगली, ६ जानेवारी, सकाळी ११:००

नाही ताई. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत, आणि जेवढे युनिट ज्या टप्प्यात पडतात तेवढ्यांनाच तो दर. पहिल्या १०० चा दर तुम्हाला पहिल्या टप्प्याचाच लागतो. पण यात तुमच्या कामाची गोष्ट अशी की तुमचं घर आधीच २९० वर आहे, म्हणजे टँकचे जादा ३३० युनिट हे जवळजवळ सगळे वरच्या दोन महाग टप्प्यात बसतात. त्यावर वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून टँकचा वाचलेला युनिट हा सगळ्यात महागडा युनिट असतो. बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढू नका, वाचणारा पैसा त्याहून जास्त निघेल.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो ते कृपया मनावर घ्या. झाकण आणि थर्माकोल लावल्यावर तुमच्या टँकला ३०० चे दोन हीटर फार जास्त होणार. काचेच्या हीटरचा थर्मोस्टॅट कधीतरी चिकटतो आणि हीटर बंदच होत नाही. उघड्या टँकात जादा उष्णता निघून तरी जाते, बंदिस्त टँकात ती जाणार कुठे? माझ्या एका गिऱ्हाईकाकडे सकाळी पाणी ३७ वर होतं, एकही मासा वाचला नाही, त्या माणसाला मी रडताना बघितलंय. म्हणून सगळं झाकून झालं की २०० चे दोन लावा, आणि बाहेरचा वेगळा कंट्रोलर लावा ज्याचा सेन्सर टँकात असतो, एसटीसी-१००० टाईपचा, हीटरच्या थर्मोस्टॅटपेक्षा एक अंश वर सेट करून. दोन्ही एकदम चिकटायची शक्यता फार कमी.

बोर्डाला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) आणि अर्थिंग हवंच. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळातूनच ठिबकेल, सॉकेटात जाणार नाही. पाणी बदलताना हीटर आधी बंद, दहा मिनिटं थांबा, मग पाणी काढा. तापलेली काच उघडी पडली आणि वर गार पाणी पडलं की तडकते.

लीड्सकर (इंग्लंड), ६ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

माझा अनुभव पण लिहिते. आमच्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने दराला मर्यादा घातली तरीसुद्धा विजेचा युनिट ३४ पेन्सला होता, गॅस १०.३ ला. माझा २४० लिटरचा टँक तेव्हा मागच्या खोलीत होता जिथे आम्ही हीटिंग लावत नाही. पहिली गोष्ट केली ती म्हणजे टँक बैठकीच्या खोलीत आणला, तिथे संध्याकाळी गॅसचं हीटिंग आमच्यासाठी लागतंच, पाणी आणि खोली यातला फरकच कमी झाला. टँकसाठी म्हणून खोली तापवली नाही हं, ते उलट महाग पडतं.

दुसरं झाकण. ते लावल्यावर बिल उतरलंच पण खिडक्यांवरचं पाणी आणि भिंतीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी पण कमी झाली, ती सगळी टँकची वाफ होती हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

तिसरं म्हणजे छोट्या टँकमधले मासेच बदलले, तिथे आता व्हाइट क्लाउड मिनो आहेत, १८ ते २२ अंशात खूश असतात, हीटर काढूनच टाकला.

कोकणचा_गप्पी (रत्नागिरी), ६ जानेवारी, रात्री ८:००

आमच्याकडे हीटर लागतच नाही फारसा, पण ताईंचा दुसरा एखादा टँक असेल तर झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब पाळा, दोन्ही आपल्याच देशातले, नाशिकची थंडी आरामात सोसतात.

गोदाकाठची, ६ जानेवारी, रात्री ९:१०

आहे ना, ४ फुटी आहे, त्यात सध्या गप्पी आणि मॉली आहेत. विचार करते नक्की.

पाणी बदलण्याचं काय करू? एक दिवसाआड १५० लिटर बदलते, वरच्या टाकीचं पाणी सकाळी १७ अंश असतं.

जुना_मत्स्यपाळ, ६ जानेवारी, रात्री ९:५५

छतावर सोलर आहे म्हणालात ना, मग प्रश्नच मिटला. पिंपात वरच्या टाकीचं पाणी घ्या, त्यात सोलरचं गरम मिसळा, थर्मामीटरने २८ बघून मग टँकात. क्लोरीन घालवायचं औषध नेहमीप्रमाणे. सकाळी नळ सोडल्यावर पाईपात रात्रभर साठलेलं पहिलं पाणी घेऊ नका, काही सोलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात. झिंगे असतील त्या टँकात हे पाणी अजिबात नको, त्यांना तांबं सोसत नाही.

फिजिक्सवाले_सर, ६ जानेवारी, रात्री १०:३०

हिशोब: १५० लिटर १७ वरून २८ ला न्यायचं म्हणजे जवळपास २ युनिट दर वेळी, महिन्याचे २८-२९ युनिट. सोलरचं पाणी ५५ अंश असेल तर ४५ लिटर, म्हणजे तुमच्या तीन बादल्या पुरतात. बोअर असलेल्यांनी हिवाळ्यात बोअरचं पाणी हाताला लावून बघा, टाकीपेक्षा कितीतरी कोमट असतं, फक्त ते जड असतं म्हणून मलावी सिक्लिड, मॉली वगैरे माशांना उत्तम.

सातारा_फिशरूम, ७ जानेवारी, दुपारी १२:४०

माझ्याकडे एका खोलीत ३२ छोटे टँक आहेत ब्रीडिंगचे, चेन्नईच्या कोलथूरहून जोड्या आणून पिल्लं काढतो. ज्यांच्याकडे असे खूप टँक आहेत त्यांनी टँक नाही तर खोली तापवावी. मी भिंतींना आणि छताला थर्माकोल लावला, दाराला रबर पट्टी, आणि साध्या हीटरऐवजी हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी. साधा हीटर १ युनिट खाऊन १ युनिटचीच उष्णता देतो, हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो म्हणून १ युनिटमध्ये साधारण तिप्पट देतो. फिल्टर सगळे स्पंजचे, एकाच मोठ्या एअर पंपावर. पण एका टँकसाठी हे करू नका, परवडणार नाही.

पिंपरीचा_ऑस्कर, ७ जानेवारी, दुपारी ३:१५

पंपाचं कुणी बोललं नाही. माझा ६० वॅटचा पंप २४ तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट आणि तो बारा महिने चालतो, हीटर तर तीनच महिने!! डीसी पंप घेतला, तेवढाच फ्लो २८ वॅटमध्ये.

फिजिक्सवाले_सर, ७ जानेवारी, दुपारी ४:००

मुद्दा एकदम बरोबर. एवढंच लक्षात असू द्या की पाण्यात बुडवलेल्या पंपाची जवळपास सगळी वीज शेवटी पाणीच तापवते. म्हणजे हिवाळ्यात पंप बदलून फार वाचत नाही, तेवढं काम हीटर करतो. खरा फायदा मार्चपासून पुढे.

सोलापूरकर, ७ जानेवारी, रात्री ७:५०

स्वतःचं छत आहे तर सोलर पॅनल का नाही बसवत? पीएम सूर्यघर योजनेत, २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली ती, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे. नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज रात्रीच्या हीटरला वळती होते.

जुना_मत्स्यपाळ, ७ जानेवारी, रात्री ८:३०

जरूर बसवा, पण आधी टँक झाका. गळक्या माठात किती घागरी ओतणार.

गोदाकाठची, २ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मंडळी आकडे घेऊन आलेय! सगळे आकडे फक्त हीटरचे आणि पाणी न बदललेल्या दिवसांचे.

काहीच न करता रोजचे ११.२ युनिट. पहिल्या आठवड्यात एवढेच लागत होते, थंडी पण कडक होती.

टँक आणि संप दोन्हीवर काच टाकली, ६.४ वर आलं. एका दिवसात! मी मीटर बिघडलं की काय म्हणून दुसऱ्या प्लगला लावून बघितलं. बादली आता आठवड्याला एक.

मग मागे आणि दोन्ही बाजूंना २५ एमएमचा थर्माकोल लावला, पुढून दिसू नये म्हणून काचेकडच्या बाजूला काळा कागद. ४.० वर आलं. टँकच्या खाली आधीपासूनच थर्माकोल होता, तो टँक बसवतानाच टाकावा लागतो, भरलेला टँक कुणी उचलायला जाऊ नका.

मग २९ चं २८ केलं आणि रात्री समोरच्या काचेवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून सोडते, लाईटपासून लांब. आता ३.२.

वायरमनदादा, तुम्ही सांगितलं तसे २०० चे दोन हीटर आणि कंट्रोलर लावला, आरसीसीबी पण बसवून घेतला. लाल दिवा आता बराच वेळ विझलेला असतो, ते बघून किती बरं वाटतं सांगू शकत नाही.

आणि एक फायदा कुणीच सांगितला नव्हता. २१ तारखेला पहाटे पाच तास लाईट नव्हती. मागच्या वर्षी अशाच वेळी पाणी साडेतीन अंश उतरलं होतं आणि मी गॅसवर पातेली तापवून ओतत बसले होते. यावेळी २८ वरून २७ झालं फक्त. बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि मासे शांत.

वायरमन_सांगली, २ फेब्रुवारी, रात्री ९:४५

लई भारी ताई. २०० चा एक हीटर अडकला तरी आता तुमच्या टँकला खोलीपेक्षा १२-१४ अंशच वर नेऊ शकेल, म्हणजे या थंडीत ३२ च्या आसपास. मासे सुरक्षित. उन्हाळ्यात मात्र हीटरचे प्लग काढूनच ठेवा.

गोदाकाठची, ६ मार्च, संध्याकाळी ६:१०

बिल आलं, ३७० युनिट. ६२० वरून. ३०० च्या खाली नाही आलं पण घरात दाखवलं आणि मासे राहणार हे ठरलं. सासूबाई स्वतःच म्हणाल्या की राहू देत. १४ च्या १४ आहेत, एक जोडी कोपऱ्यातला पाईप साफ करत बसलीय दोन दिवस झाले, अंडी घालायची तयारी असावी.

४ फुटीतल्या गप्पी-मॉली भाचीला दिल्या, तिथे आता दहा झेब्रा डॅनिओ आहेत आणि हीटर नाही.

आता दुपारी हॉलमध्ये ३३ होतंय, पाणी ३०.५ वर गेलंय. काच काढू का?

कोकणचा_गप्पी, ६ मार्च, संध्याकाळी ७:००

काढा ताई, एक तुकडा काढून बघा आधी. आम्ही एप्रिल-मे मध्ये काच काढून पाण्यावर तिरका पंखा सोडतो, वाफ होते तेवढं पाणी गार राहतं. जाळी मात्र टाका, काच नसली की उडी मारतात.

फिजिक्सवाले_सर, ६ मार्च, रात्री ८:१५

आणि बादल्या मोजत राहा. एप्रिलमध्ये पंख्याखाली रोज किती लिटर जातं ते इथेच लिहा, मला बघायचंय.